जुन्या संगणकावरची मराठी खिडकी आणि टूलकिटची निवड

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांत आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांत विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वर चालणारे संगणक आजही आढळतात, आणि ते कोणी हौसेपोटी जपलेले नाहीत. कोठे वजनकाट्यासाठी बसवलेल्या कार्डाचा ड्रायव्हर फक्त ३२-बिट एक्सपीसाठी तयार झाला होता आणि पुढे तो कोणी नव्याने लिहिलाच नाही. कोठे जुन्या हिशोबाच्या प्रोग्रॅमचे डोंगल, म्हणजे परवान्याची कळ, जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर बसते. आणि कोठे मालकाचे गणित अगदी सरळ असते, की हळदीच्या सौद्यांच्या हंगामात चालते यंत्र बदलण्याची जोखीम घ्यायची नाही आणि हंगाम सरल्यावर ते बदलण्याची निकड उरत नाही. २०१९ च्या महापुरानंतर तर काही दुकानांतील संगणक उलट आणखी जुने झाले, कारण पाण्यात गेलेल्या यंत्राच्या जागी त्या घाईत जे वापरलेले यंत्र मिळाले तेच आणून काम सुरू करावे लागले.

अशा ठिकाणांसाठी शेतकऱ्याची पट्टी, वजनाची नोंद आणि साठ्याचा हिशोब ठेवणारे छोटे प्रोग्रॅम लिहिणे हे माझे काम आहे. या कामात गणिताचा भाग कधीच अडत नाही. वजन गुणिले दर, त्यातून हमाली, तोलाई आणि उचल वजा, हे तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रालाही जमते. अडते ते खिडकीपाशी. बटण, मजकुराची चौकट, यादी, मेनू, तारखेचा रकाना हे सगळे पडद्यावर काढून देणारी जी लायब्ररी असते, म्हणजे ग्राफिकल टूलकिट, ती कोणत्या जुन्या यंत्रापर्यंत खाली उतरते, यावर आपला प्रोग्रॅम कोणाच्या दुकानात चालणार हे ठरते. त्यातही खिडकीतील मजकूर मराठी असला की प्रश्नाला दुसरी बाजू येते, आणि माझ्या मते टूलकिटची खरी निवड त्या दुसऱ्या बाजूवर व्हायला हवी.

आधी पहिली बाजू. टूलकिट एखाद्या जुन्या प्रणालीचा, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सच्या जुन्या आवृत्तीचा, आधार सोडते तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा धोरणाची मोठी घोषणा नसते, तर एखाद्या ओळीचा परिणाम असतो. विंडोजवर प्रोग्रॅम सुरू होताना तो प्रणालीकडून कोणकोणती फंक्शने, म्हणजे तयार कामे, मागणार आहे याची यादी आधीच तपासली जाते, आणि त्यांतील एक जरी सापडले नाही तरी प्रोग्रॅम उघडतच नाही. ते फंक्शन प्रत्यक्षात कधी वापरले जाणार होते की नव्हते, याचा विचार होत नाही. गेटटिककाउंट६४ हे साधे वेळ मोजणारे फंक्शन विंडोज व्हिस्तापासून उपलब्ध आहे. टूलकिटच्या लेखकाने जुन्या फंक्शनऐवजी ते वापरले की एक्सपीवर ‘प्रोसिजर एंट्री पॉइंट’ सापडत नसल्याची चौकट येते आणि काम तेथेच संपते. सूक्ष्म वेळ सांगणारे गेटसिस्टिमटाइमप्रिसाइजअॅजफाइलटाइम हे विंडोज ८ सोबत आले, आणि त्याच्या एका उल्लेखाने विंडोज ७ सुद्धा बाहेर पडते. यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. फंक्शन यादीत न मागता प्रोग्रॅम सुरू झाल्यावर त्याचा पत्ता शोधायचा, सापडले तर वापरायचे, नाही तर जुन्या मार्गाने जायचे. मात्र प्रत्येक ठिकाणी असे दोन मार्ग लिहायचे म्हणजे दोन्ही मार्ग तपासायचेही, आणि तपासणीसाठी कोणाकडे तरी ते जुने यंत्र असायला हवे.

टूलकिटच्या खाली कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅममधून चालणारी फाइल बांधणारे साधन, असतो, आणि तोही आपली मर्यादा वर सरकवत असतो. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओमध्ये एक्सपीसाठी प्रोग्रॅम बांधणारा संच २०१७ च्या आवृत्तीपर्यंत नव्याने मिळत होता, २०१९ च्या आवृत्तीच्या स्वतःच्या संचात एक्सपीची सोय उरली नाही. प्रत्येक बांधलेल्या फाइलच्या माथ्यावर किमान कोणत्या विंडोजवर ती चालावी याचा आकडा लिहिलेला असतो. एक्सपीचा आकडा ५.१ आहे, आणि फाइलवर ६.० असेल तर एक्सपी ती फाइल वैधच मानत नाही. त्याखाली प्रोसेसर. एसएसई२ या प्रोसेसरच्या सूचनांशिवाय आज बरेच काही बांधले जात नाही, त्यामुळे पेंटियम ३ आणि अॅथलॉन एक्सपी ही यंत्रे केव्हाच मागे पडली. पेंटियम ४ मात्र या परीक्षेत उत्तीर्ण होते. आणि सर्वांत शेवटी ग्राफिक्स. ज्या टूलकिटला खिडकी रंगवायला ओपनजीएल, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेण्याची सोय, लागते ती जुन्या इंटेल चिपवर एक तर काळी चौकट दाखवते, नाही तर सगळा भार प्रोसेसरवर टाकून रांगत चालते.

या साखळीचा इतिहास क्यूटी या टूलकिटमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. मार्च २०१६ मध्ये आलेली क्यूटी ५.६ ही एक्सपी आणि व्हिस्ता यांना अधिकृत आधार देणारी शेवटची आवृत्ती होती. त्याच वर्षी आलेल्या ५.७ ने सी++११ ही सी++ भाषेची नवी आवृत्ती अनिवार्य केली आणि हा आधार काढून टाकला. २०२० मध्ये आलेली ५.१५ विंडोज ७ वर चालते, पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेली क्यूटी ६ थेट विंडोज १० मागते. जीटीके या दुसऱ्या टूलकिटची कथा थोडी वेगळी आहे. जीटीके २ ही २००२ पासून चालत आलेली शाखा डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आल्यावर बंद झाली, आणि जीटीके ४ ची रंगवण्याची सारी रचनाच ग्राफिक्स चिप गृहीत धरून केलेली आहे. लिनक्सवरही स्थिर काही नाही: २०२५ मधील ४.१८ या आवृत्तीत एक्स११ या लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेचा आधार ‘पुढे काढला जाईल’ अशा सदरात गेला.

प्रकल्पासाठी येणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी विचारतात की हे सगळे पायथनमध्ये का करत नाही. कारण पायथन ३.४ ही एक्सपीवरची शेवटची आवृत्ती आहे आणि ३.८ ही विंडोज ७ वरची. कोणी इलेक्ट्रॉन हे वेब पानांच्या रीतीने खिडक्या बनवणारे साधन सुचवतो. त्याच्या २३ व्या आवृत्तीने विंडोज ७ आणि ८ सोडले, आणि सोडले नसते तरी ५१२ एमबी मेमरीच्या यंत्रावर ब्राउझर पोटात घेऊन येणारा पट्टीचा प्रोग्रॅम मी बसवला नसता.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल इंग्रजीतील चर्चांत फारसे वाचायला मिळत नाही. टूलकिटांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक प्रकार प्रणालीची स्वतःची बटणे आणि चौकटी वापरतो. डब्ल्यूएक्सविजेट्स आणि लाझारस या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाची एलसीएल ही त्याची उदाहरणे. दुसरा प्रकार सारे काही स्वतः रंगवतो. क्यूटी, जीटीके आणि एफएलटीके या प्रकारात येतात. पहिला प्रकार फार खालपर्यंत उतरतो, कारण विंडोजची मूळची बटणे आणि चौकटी मायक्रोसॉफ्टने कधी मोडल्या नाहीत. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वर चालतात ते याच कारणाने. दुसरा प्रकार स्वतःचे सामान बरोबर आणतो, म्हणून त्याला नवी प्रणाली, नवा कंपायलर, नवी चिप लागते.

परंतु मराठी अक्षर जुळवण्याचे काम कोण करतो, हा प्रश्न विचारला की दोघांचे गुणदोष उलटे होतात. देवनागरीत अक्षरे ज्या क्रमाने साठवली जातात त्या क्रमाने ती दिसत नाहीत. ‘किलो’ या शब्दात क आधी साठवला जातो आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर, पण वेलांटी दिसायची असते क च्या आधी. ‘क्विंटल’मध्ये तीच वेलांटी संपूर्ण जोडाक्षराच्या आधी सरकते. हे जुळवण्याचे काम विंडोजवर युनिस्क्राइब हा घटक करतो, आणि प्रणालीची स्वतःची चौकट वापरणारे टूलकिट ते आपोआप त्याच्याकडे सोपवते. म्हणजे प्रणालीला मराठी येत असेल तर टूलकिटलाही येते, आणि प्रणालीला येत नसेल तर टूलकिट हतबल असते. एक्सपीमध्ये ही सोय मुळात चालू केलेली नसते. प्रादेशिक आणि भाषिक सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या फाइल बसवण्यासाठी एक खूण करावी लागते, तेव्हा यंत्र मूळ सीडी मागते, आणि वीस वर्षांपूर्वीची ती सीडी दुकानात कोणाकडेच नसते. ती खूण केलेली नसली तर वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षरांचे हलन्त सुटे, आणि शेतकऱ्याचे नाव अर्धे ओळखीचे अर्धे अनोळखी, असा मजकूर पडद्यावर उमटतो.

क्यूटी ५ मात्र हार्फबझ ही अक्षर जुळवणारी लायब्ररी स्वतःबरोबर बाळगते. ‘मुक्ता’सारखा मुक्त परवान्याचा फॉन्ट प्रोग्रॅमसोबत दिला की एक्सपीवर ती खूण असो वा नसो, ‘क्विंटल’ आणि ‘शेतकऱ्याचे’ हे शब्द जसे असायला हवेत तसे दिसतात. याचा अर्थ असा, की मूळ चौकटी वापरणारे टूलकिट जुन्या यंत्रावर निर्धास्त उघडते पण त्या यंत्राइतकेच मराठी जाणते. स्वतः रंगवणारे टूलकिट आपली मराठी घेऊन येते पण दारातच अडवले जाण्याचा संभव जास्त. इंग्रजी मजकुराच्या प्रोग्रॅमला ही अडचण नाही, म्हणून बाहेरून मिळणारा ‘सर्वांत हलके टूलकिट घ्या’ हा सल्ला आपल्याला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

सर्वांत हलक्या टूलकिटांचे उदाहरण पाहिले की हे लगेच पटते. एफएलटीके अतिशय आटोपशीर आहे, सारा प्रोग्रॅम एका फाइलमध्ये बांधता येतो आणि जुन्या यंत्रावर तो झटकन उघडतो. पण लिनक्सवर त्याची १.३ ही शाखा अक्षरे एकापुढे एक मांडते, जुळवत नाही. २०२४ मध्ये आलेल्या १.४ मध्ये पँगो ही मजकूर जुळवून मांडणारी लायब्ररी वापरण्याचा पर्याय दिला आहे आणि तो बांधतानाच निवडावा लागतो. पायथनसोबत येणाऱ्या ‘टीके’ या टूलकिटचीही लिनक्सवर हीच उणीव आहे. विंडोजवर दोघांचा मजकूर युनिस्क्राइबच्या वाटेने जात असल्याने वाचायला ठीक दिसतो, तरी मजकूर दुरुस्त करताना कर्सर जोडाक्षराच्या पोटात शिरतो तो वेगळाच ताप.

अर्ध्या ऱ बद्दल येथेच लिहितो, कारण हा त्रास पट्टीत रोज होतो. ‘ऱ्या’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येते: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त अशी जोडी, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, पण प्रोग्रॅमच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. एका यंत्रावर एका कीबोर्डने नोंदवलेले नाव दुसऱ्या यंत्रावर शोधले की सापडत नाही आणि त्याच माणसाचे दुसरे खाते उघडले जाते. टूलकिट यात काही करत नाही. साठवण्यापूर्वी आपणच एक रूप ठरवून सारे त्यात बदलून घ्यावे लागते.

व्हिज्युअल बेसिक ६ च्या जुन्या प्रोग्रॅमांचा पेच याहून अवघड आहे. त्याच्या स्वतःच्या चौकटी युनिकोड दाखवत नाहीत, त्यामुळे त्या काळी मराठीसाठी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट वापरले गेले. दुकानाची वर्षानुवर्षांची नावे आणि गावे अशा खुणांत साठलेली आहेत. फॉन्ट बदलला की ‘तासगाव’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. नव्या टूलकिटवर जायचे म्हणजे ही सारी नोंद युनिकोडमध्ये आणणे आले, आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा. मी हे रूपांतर नेहमी वेगळ्या, फक्त एकदाच चालवायच्या प्रोग्रॅमने करतो आणि त्याचा खिडकीच्या प्रोग्रॅमशी संबंध ठेवत नाही.

हे सारे तोलून सध्या माझे काम डब्ल्यूएक्सविजेट्सच्या ३.२ या शाखेवर आहे. १९९२ मध्ये एडिनबर्ग विद्यापीठात सुरू झालेले हे टूलकिट दिसायला आकर्षक नाही, त्याची काही नावे आणि रीती त्या काळाच्या खुणा बाळगून आहेत, पण ३.२ एक्सपीपासून विंडोज ११ पर्यंत चालते. लिनक्सवर तेच टूलकिट जीटीके ३ चा आधार घेते आणि तेथे अक्षरजुळणी पँगो आणि हार्फबझ करतात, म्हणजे एकाच मूळ लेखनातून दोन्हीकडे बरी मराठी मिळते. बांधणी मी ३२-बिट मिंगडब्ल्यू कंपायलरने करतो. एक्सपीच्या यंत्रांत जटिल लिप्यांची सोय बसवणे हा प्रोग्रॅम बसवण्याचाच एक भाग मानतो. तेथे तडजोड नाही. जेथे ती सीडीअभावी बसवता येत नाही, तेथे क्यूटी ५.६ ची वेगळी खिडकी देतो. हे परवडते ते एवढ्याचसाठी, की वजन, दर आणि कपातींचे गणित खिडकीपासून पूर्ण वेगळे, साध्या सी++ मध्ये लिहिलेले आहे आणि त्याला टूलकिटचे नावही माहीत नाही.

जुन्या पडद्याच्या काही गोष्टी नव्या टूलकिटच्या कागदपत्रांत आता लिहिलेल्याच नसतात. ८०० बाय ६०० च्या पडद्यावर आजच्या सवयीने मांडलेली चौकट मावत नाही आणि ‘जतन करा’चे बटण खाली पडद्याबाहेर जाते, म्हणून प्रत्येक चौकट त्या मापात आधी बघावी लागते. व्हिस्तापासून विंडोज सगळ्या खिडक्या आधी मेमरीत जुळवून मग दाखवू लागली, एक्सपीत तसे नाही, त्यामुळे सतत बदलणारा वजनाचा आकडा लुकलुकतो. तो आकडा आधी बाजूला रंगवून एकदम पडद्यावर टाकण्याचे काम आपल्याला स्वतः करावे लागते. आणि एंटर. डॉसच्या काळापासून नोंदी करणारे दिवाणजी एका रकान्यातून दुसऱ्यात एंटरने जातात, टॅबने नाही. बहुतेक टूलकिटांत मात्र एंटर म्हणजे चौकटीचे मुख्य बटण दाबणे. ही सवय बदलायला लावण्याचा मला अधिकार नाही असे मी मानतो, म्हणून एंटरचा अर्थ प्रत्येक चौकटीत बदलून घेतो.

सगळ्या जुन्या यंत्रांना एक्सपीवरच ठेवावे असे माझे म्हणणे नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि मूळच्या एक्सपीला टीएलएस १.२ ही संकेतस्थळांशी सुरक्षित जोडणीची रीत येत नसल्याने आजची बरीच संकेतस्थळे त्याच्या ब्राउझरमध्ये उघडतच नाहीत. मी बसवलेले एक्सपीचे यंत्र इंटरनेटला जोडले जाणार नाही, ही अट मालकाशी आधीच ठरलेली असते. जेथे काट्याचा इंडिकेटर साध्या सिरियल पोर्टवरून अंकांची ओळ पाठवतो आणि कोणत्या खास ड्रायव्हरची गरज नसते, तेथे त्याच यंत्रावर लिनक्स टाकणे मला जास्त पसंत आहे. पण तेथेही जमीन सरकते आहे. डेबियन या लिनक्सची १२ वी आवृत्ती ३२-बिट यंत्रावर नव्याने बसवता येत होते. २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तशी बसवणी मिळत नाही.

टूलकिट सांभाळणाऱ्यांनी जुना आधार काढला की त्यांच्यावर रागावण्याची एक पद्धत आहे, आणि ती मला रुचत नाही. बहुतेक सांभाळणारे आपल्या फावल्या वेळात काम करतात, आणि एक्सपीसाठी लिहिलेली प्रत्येक आडवाट पुढच्या प्रत्येक बदलात तपासत बसण्याचे ऋण त्यांच्या डोक्यावर राहते. ज्याला गरज आहे त्याने ते ओझे उचलावे हेच न्याय्य आहे. क्यूटी ५.१५ साठी दुरुस्त्यांचा वेगळा संच केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉप प्रकल्पाची मंडळी सांभाळतात. क्यूटी ६ मध्ये बदल करून ती विंडोज ७ वर चालवणारे लोकही आहेत. असे काम करणाऱ्यांच्या दुरुस्त्या वापरायच्या आणि आपल्याला सापडलेली दुरुस्ती त्यांना परत द्यायची, एवढे आपल्याकडून होऊ शकते.

त्यासाठी लागणारे सामान मात्र आजच गोळा करून ठेवावे लागते. मी कंपायलरची ठरावीक आवृत्ती, टूलकिटचे मूळ लेखन, त्यावर केलेले बदल, फॉन्ट आणि बांधणीच्या सूचना एकत्र ठेवल्या आहेत, आणि नव्या आवृत्तीचे आमिष कितीही असले तरी हंगामात त्याला हात लावत नाही. चाचणी आभासी यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या संगणकावर, होते, पण शेवटची फेरी खऱ्या जुन्या यंत्रावर, कारण ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर काय करील हे आभासी यंत्र सांगत नाही. २०२५ मध्ये आलेल्या डब्ल्यूएक्सविजेट्स ३.३ ने विंडोज ७ ही किमान मर्यादा केली आहे. त्यामुळे एक्सपीचे शेवटचे कार्ड बंद पडेपर्यंत मी ३.२ वर थांबणार आहे, आणि त्या शाखेत सुरक्षेची किंवा मजकूर दाखवण्याची एखादी दुरुस्ती लागलीच, तर ती ३.३ मधून उचलून मागे आणण्याचे काम पुढच्या पावसाळ्यात, सौदे थंडावल्यावर, हाती घेईन.